मोनालीनं आधी कुणाला सांगितलं

बाजारात सरूबाई भेटली नसती, तर सुषमाला आपल्या पोटच्या पोरीची गोष्ट आणखी कितीतरी दिवस कळली नसती.

तळेगावच्या आठवडी बाजारात मेथीवाल्यासमोर उकिडवी बसून जुड्या निवडता निवडता सरूबाई सहज म्हणाली होती, "काय गं, पोरगी शहाणी झाली आन् साधं गूळ-खोबरं न्हाई वाटलं?"

"कुणाची पोरगी?"

"आता कुणाची काय! तुझीच, मोनाली. माझी धाकटी तिच्याच बाकावर बसती की. दिवाळीच्या आधीच म्हणं."

सुषमाच्या हातातली जुडी हातातच राहिली. पण तिनं चेहरा पडू दिला नाही. "वाटायचंय की," ती म्हणाली, "संक्रांत होऊ दे म्हणलं."

वस्तीपर्यंतची वाट दोन मैलांची. दोन्ही अंगांनी तोडणीला आलेला ऊस. त्या वाटेनं चालताना तिनं मागचे तीन महिने उलटेपालटे करून पाहिले. चंपाषष्ठीला अख्खं घर खंडोबाची तळी उचलत होतं आणि मोनाली पोट दुखतंय म्हणून आत पडून राहिली होती. सुषमा ओवा घेऊन गेली, तर दारात साधना उभी. "झोपू द्या तिला, ताई. होईल बरं." असं म्हणून तिनं ओव्याची वाटी हातातून घेतली होती आणि दार लोटलं होतं. आईला बाहेर ठेवून.

तिथंच सुषमाचा पाय वाटेत थांबला. म्हणजे हिला ठाऊक होतं.

साधना तिची धाकटी जाऊ, जयसिंगची बायको. दौंडची. बाप रेल्वेत गार्ड, त्यामुळं शिकलेली. गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. जयसिंग रांजणगावच्या कंपनीत. सुषमाचा नवरा जालिंदर थोरला, तो शेती बघायचा. साधना आली तेव्हा सुषमानंच तिला चुलीवर भाकरी थापायला शिकवलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. तिचा पगार, तिच्या इस्त्रीच्या साड्या, गावानं तिला मॅडम म्हणणं, ह्यातलं काहीच सुषमाला टोचलं नव्हतं. टोचायला लागलं ते मोनाली आठवीत जाऊन तिच्या शाळेत बसायला लागल्यापासून. पोरगी घरी यायची ती थेट काकूच्या खोलीत. दोघींचं हसू भिंतीपलीकडून यायचं. वेणी काकूसारखी, अक्षर काकूसारखं. जेवताना दर दोन घासांनी "काकू म्हणती". आणि सुषमानं विचारलं, काय झालं गं आज शाळेत, तर उत्तर एकच. "काय न्हाई."

आणखी एक होतं, जे ती कुणाला सांगू शकत नव्हती. एका रविवारी दुपारी भिंतीलगत वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना तिच्या कानावर जयसिंगचा आवाज पडला होता. "तुझं मन नसंल तर ऱ्हाऊ दे. मी काय रागावतो व्हय?" त्यावर साधना हसली होती. एवढंच. पण सुषमा मिरच्यांचं सूप तसंच धरून उभी राहिली होती. तिच्या लग्नाला अठरा वर्षं होत आली होती. जालिंदर वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता. पण विचारायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं, आणि त्या दुपारपर्यंत तिलाही नव्हतं. त्यानंतर साधना समोर आली की ती दुसरीकडं बघायची.

आणि आता ही गोष्ट.

दुसरी कुणी असती तर घरी जाऊन पोरीला जवळ घेतलं असतं. सुषमानं तसं केलं नाही. ती आल्या पावली मागं फिरली, स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून माहेरच्या गावी, राहूला फोन लावला आणि निरोप ठेवला : मोनालीला न्हाण आलंय, वहिनीला ओटी भरायला पाठवा. फोन ठेवला तेव्हा तिला जरा बरं वाटलं. आईच्या माहेरची माणसं दारात उभी राहतील, तेव्हा कळेल म्हणावं, पोरगी कुणाची आहे ती.

*

गिताबाई गुरुवारी सकाळच्या वडाप जीपनं आली. सुषमाच्या भावाची, साहेबरावची बायको. हातात हिरवं लुगडं, नारळ, गुळाची ढेप आणि ओठांवर हसू. मोनालीला ते लुगडं नेसवून पाटावर बसवलं. सुषमानं तिच्याशी चार दिवसांत या विषयावर एक शब्द काढला नव्हता; सकाळी फक्त "आज शाळेत जायचं न्हाई, मामी येणार हाय," एवढं सांगितलं होतं. पोरीला सगळं कळलं होतं. ती पाटावर मान घालून बसली होती, आणि दर थोड्या वेळानं दाराकडं बघत होती. साधना शाळेतून मधल्या सुट्टीत येणार होती. तिचीच वाट बघत होती, हे सुषमाला दिसत होतं.

ओटी भरून झाली. गिताबाईनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, कानशिलावर बोटं मोडली आणि सासूबाईंकडं, सारजाबाईकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, आता आलेच हाय तर मनातलं बोलते. आमचा पप्पू औंदा दौंडला आयटीआय करतोय. एकोणीस सरलं त्याला. मोनाली तशीबी मामाच्याच घरची. आता लगीन म्हणत न्हाई मी. नारळ तेवढा देऊन-घेऊन ठिवू. दोन वर्सांनी बार उडवू."

"वंगाळ काय हाय त्यात?" सारजाबाई म्हणाली. "रीतच हाय ती. काय रं जालिंदर?"

जालिंदर खांबाला टेकून बसला होता. "आई म्हणंल तसं," तो म्हणाला. कोणती आई, ते त्यानं सांगितलं नाही.

सासरे भिमाजी आबा अंगणात बाजेवर बसून सुताची दोरी वळत होते.

तेवढ्यात साधना आली. पायरीवरच तिनं शेवटचं वाक्य ऐकलं असावं. पर्स खांद्यालाच, कपाळावर घाम. "तेरा वर्षांची आहे ती," ती म्हणाली. "दोन वर्षांनी पंधराची होईल. अठराच्या आत लग्न म्हणजे गुन्हा आहे, वहिनी. आणि तिला विचारलंय का कुणी?"

मोनालीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो सुषमानं पाहिला. आपण चार दिवस ह्या पोरीसमोर वावरतोय, आपल्याला पाहून नाही आला तो.

"माझी ना न्हाई," सुषमा बोलून गेली. "माझ्या भावाचं घर हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल."

"ताई!"

"ताई काय? तू शाळेत शिकवतीस ते शाळेत ठिव. लेकराचं कशात भलं हाय ते तुला काय कळायचंय?"

शब्द गेला तो गेला. अंगणात आबांच्या हातातली दोरी थांबली. साधनानं एकदा सुषमाकडं पाहिलं. पर्स खाली ठेवली आणि भिंतीला टेकली.

गिताबाईनं वेळ साधली. "बाई, शाळंतलं म्हणाल तर राहूपातूर आलंय ते. शनवारी पोरींना कोंडून घिऊन काय काय सांगता म्हणं. बाई कशी, बाप्या कसा. फळ्यावर चित्रं काढून."

"दहावीच्या पुस्तकातला धडा आहे तो," साधना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "आमचे सर लोक तो धडा आला की म्हणतात, घरी वाचा. घरी कोण सांगतं? मी सांगते. पाळी का येते. पिशवी कुठं असते. मूल कसं राहतं. कुणी अंगाला हात लावला आणि आपल्याला नको असला तर नाही कसं म्हणायचं. ह्यात कोंडून सांगण्यासारखं काही नाही. दार मुलीच लावून घेतात. त्यांना लाज वाटते म्हणून."

"लाज वाटती ते बरंच हाय," सारजाबाई म्हणाली. मग तिनं नातीच्या पदराकडं पाहत सुस्कारा टाकला. "आता देवानं एकच करावं. आईच्या वळणावर जाऊ नये. आईनं एक पोरगी दिली आन् थांबली. दोन गेलं, एक ऱ्हायलं, ते बी असं."

हे सुषमा तेरा वर्षं ऐकत होती. सणाला, बारशाला, कुणाच्या घरी पेढे वाटले की. ऐकून ऐकून त्याचा घट्टा पडला होता. ती कुंकवाचा करंडा उचलायला वाकली.

"आजी, ते आईच्या हातात नसतं."

मोनाली बोलली होती. पाटावरूनच, मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"काय गं?"

"मुलगा का मुलगी ते आईकडून ठरत न्हाई. बाईकडं एकाच जातीचं बी असतं. दोन जातींचं असतं ते पुरुषाकडं. त्यातलं कंचं येऊन मिळतं त्यावर ठरतं. आन् ते बी कुणाच्या हातात नसतं. आईचा दोष न्हाई. बापाचा बी न्हाई."

"गप ए," जालिंदर म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तो बायकोकडं बघत होता, तिला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.

"बघा!" गिताबाईनं हात झटकला. "हे शिकतात पोरी. थोरामोठ्यांसमोर!"

तेव्हा आबा बाजेवरून उठले. सावकाश आले, पायरीवर बसले. गेली तीस वर्षं ते ऊस लावत होते, पण त्यांच्या बापाच्या वेळेपर्यंत ह्या घरात शेती नव्हती. मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचे. आबांचं बालपण मेंढरांच्या मागं गेलं होतं.

"सारजे," ते म्हणाले, "पोरगी खरं बोलती. माझ्या बापाजवळ दोनशे मेंढरं होती. कोकरं कशी निपजली, नर किती, माद्या किती, त्याचा दोष आम्ही मेंढीला कवा दिला न्हाई. निपज बघायची असली तर मेंढा बघायचा. हे मला दहाव्या वर्षी ठावं होतं. आन् सुनंच्या बाबतीत तेरा वर्सं मी ऐकून घेतलं. तोंड उघडलं न्हाई." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् गिताबाई, आणखी एक. कोवळ्या मेंढीला माझा बाप मेंढ्यापासून लांब ठिवायचा. माजावर येत जरी असली तरी. आंग भरल्याबिगर गाभण ऱ्हायली तर आई बी जाती आन् कोकरू बी जातं, म्हणायचा. मेंढराला एवढी माया केली आम्ही. ही तर आमची नात हाय."

सारजाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

सुषमा करंडा तसाच टाकून मागच्या दारानं बाहेर पडली.

*

न्हाणीच्या मागं शेवग्याखाली ती उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तेरा वर्षांचा ठपका एका दमात पुसला गेला होता. आनंद व्हायला हवा होता. पण पोरगी आईच्या बाजूनं बोलली, ते बोलली दुसरीच्या शब्दांत. सुषमाच्या लेकीच्या तोंडून साधना बोलत होती.

मागं पावलं वाजली. साधना होती.

"काय आलीस? जिंकलीस न्हवं?"

"नाही, ताई."

"तीन महिनं. तीन महिनं माझ्या पोरीचं माझ्यापासून लपवलंस. सरूबाईनं सांगितलं मला, बाजारात. माझ्या पोरीचं! तू आई असतीस तर तुला..." ती थांबली. दुसऱ्यांदा तेच बोलणार होती.

"बोला," साधना म्हणाली. "खरंच आहे ते." ती शेवग्याच्या बुंध्याला हात टेकून उभी राहिली. "पहिल्या दिवशी मोनालीच म्हणाली, आईला नको सांगू, आई देवघरात जाऊ देणार नाही, कोपऱ्यात बसवील. मी म्हटलं, बरं. पण वर्गात मी पोरींना काय सांगते ठाऊक आहे? आधी आईला सांगा. दर शनिवारी सांगते. आणि माझ्याच घरातल्या पोरीला मी एकदाही म्हटलं नाही. दिवाळी गेली, चंपाषष्ठी गेली. रोज वाटायचं, आज सांगू. मग ती यायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. काकू, पोट दुखतंय. मी गरम पाण्याची पिशवी द्यायचे. आणि वाटायचं, राहू दे अजून थोडे दिवस. एवढं तरी माझं असू दे."

सुषमा तिच्याकडं बघत राहिली.

"यांची आणि माझी दोघांचीही तपासणी झाली पुण्यात," साधना म्हणाली. "हे स्वतःहून आले. दोष कुणाचा ते आम्ही घरात सांगायचं नाही असं ठरवलंय. पण मूल होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुमच्या दाराशी मोनालीची चप्पल दिसली की मला काय वाटतं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. म्हणून मी ते केलं. चुकलं माझं. शिकवणारीचंच चुकलं."

म्हणजे हेवा हिलाही होता. भिंतीच्या पलीकडं तेच, उलट्या बाजूनं. सुषमाला वाटलं होतं, आपण एकट्याच जळतोय. तिच्या रागातली हवा थोडी गेली, सगळी नाही गेली. क्षमा करावी असं तिला वाटलं नाही. पण ह्या बाईला "तुला काय कळायचंय" म्हटल्याची लाज मात्र अंगभर पसरली.

"मी बी बोलले तुला," ती एवढंच म्हणाली. "ते बोलायचं नव्हतं."

साधनानं मान हलवली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आत काय ठरतंय? मी जाऊन नको म्हणते. आबा आहेत बाजूला."

"तू नको," सुषमा एकदम म्हणाली. "तू काय बोलायचं न्हाई. मी बोलंन."

आत गिताबाई पिशवी आवरत होती, पण सोडून दिलं नव्हतं तिनं. सुषमा दिसताच म्हणाली, "वन्सं, आबांचं वय झालंय, आपण मनावर घ्यायचं न्हाई. तुम्ही मघाशीच शबुद दिलाय. तुमच्या भावाला मी काय सांगू?"

सुषमानं आधी मोनालीकडं पाहिलं. "तुला बोलायचंय काय?"

पोरीनं डोळे मोठे केले. आईनं कधी असं विचारलं नव्हतं. "मला शिकायचंय," ती म्हणाली. "आन् पप्पूदादा मला दादाच वाटतो."

"ऐकलं, वहिनी? दादाला सांगा, शबुद मी रागात दिला होता. राग तुमच्यावर नव्हता, पोरीवर बी नव्हता. तो माघारी घेते. लुगडं ऱ्हाऊ द्या, मामीची भेट म्हणून नेसंल ती. सोयरीक न्हाई. अठरा होऊ द्या, शिकू द्या, मग ती सांगंल तसं."

"माहेर तोडताय, वन्सं."

"तुटत असंल तर मला रडू येईल," सुषमा म्हणाली. "पण न्हाईच."

गिताबाईनं जालिंदरकडं पाहिलं. "दाजी, तुम्ही तरी!"

जालिंदरनं घसा खाकरला. बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "सुषमा, तुझ्या मनात काय हाय? नक्की?"

त्याचं विचारणं अवघडलेलं होतं, भलत्या जागी होतं, सगळ्यांसमोर होतं. तरी विचारलं होतं.

"न्हाई म्हंजी न्हाई," ती म्हणाली.

"मग न्हाई," जालिंदर म्हणाला.

गिताबाई जेवली नाही. दुपारच्या जीपनं गेली. पुढं दोन वर्षं राहूहून भाऊबीजेला कुणी आलं नाही, आणि त्या दोन वर्षांत सुषमा खरोखरच रडली. पण तो पुढचा भाग.

*

साधना शाळेत परत गेली. सारजाबाई आत लवंडली होती. मोनाली लुगड्याच्या निऱ्या सोडून, परकर-पोलक्यात उंबऱ्याजवळ बसली होती. सुषमा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"आई, रागावलीस?"

"व्हय."

"मी सांगणार होते."

"कवा? लगीन झाल्यावर?"

पोरगी हसली, मग रडली, मग आईच्या दंडाला नाक पुसलं. सुषमानं पुसू दिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "देवघरात जाऊ देणार न्हाई, कोपऱ्यात बसवीन म्हणून न्हाई सांगितलंस?"

"व्हय."

"न्हाई बसवणार. आजीला मी बघते." मग तिनं घसा साफ केला. "ते बीचं काय म्हणलीस मघाशी? दोन जातींचं? नीट सांग मला."

"तुला न्हाई ठाऊक?"

"मला कोण सांगणार होतं?"

मोनालीनं बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. ही पिशवी, उलट्या नासपतीसारखी. ह्या दोन बाजूंना अंड्याच्या जागा. दर महिन्याला एक अंडं निघतं, पिशवी आतून अस्तर धरते, मूल राहिलं नाही की ते अस्तर सुटतं, आणि बाहेर येतं तेच. घाण नसते ती, आई, विटाळ तर नाहीच. सुषमा खाली वाकून बघत होती. छत्तीस वर्षं हे तिच्या आत होतं. एवढीशी रेघ. मनातल्या मनात तिला लेकीचाही हेवा वाटला. काकूचा वाटला होता त्याहून जास्त. हिला कुणीतरी बसवून सांगितलं. हिला कुणीतरी विचारलं. आपल्याला का नाही? असा हेवा आईला वाटावा का, ते तिला कळेना. पण वाटला तो वाटला.

"तुझं कसं झालं होतं, आई? तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई." सुषमानं पदर सावरला. "राहूला, नदीच्या मळ्यात. भुईमूग उपटत होते. कपड्याला लाल दिसलं आन् मला वाटलं साप चावला. आयला हाक मारायची सोडून मी पायाला सुतळी आवळून बसले. इख वर चढू नये म्हणून."

मोनालीनं तोंडावर हात घेतला. "सुतळी?"

"गुडघ्याच्या वर. घट्ट. पाय काळानिळा पडला. सांजंपातूर तशीच बसले, मरायची वाट बघत."

"मग?"

हे जालिंदरला ठाऊक नव्हतं. सारजाबाईला नव्हतं. कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि फळ्यावर कुणी काढू शकलं नसतं. बाहेर सायकलची घंटी वाजली. साधना शाळेतून परत आली असावी. तिची पावलं अंगणात आली, दाराशी जराशी थांबली.

सुषमानं लेकीला जवळ ओढलं, आवाज आणखी हळू केला, आणि फक्त तिला एकटीला ऐकू जाईल असं पुढचं सांगायला लागली.